जीवाणूंचं प्लास्टिक पिशवीत नको, शेतात हवं

कलिंगड, मिरची, टोमॅटो, स्ट्रॉबेरी. या पिकांच्या गादीवाफ्यावर आता मल्चिंग पेपर दिसला नाही तरच नवल. काळ्या-चंदेरी पॉलिथिनचा हा पेपर बहुतेकदा २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. तण दबतं, ओल टिकते, ठिबकचं पाणी वाचतं. शेतकऱ्याने तो का वापरू नये याचं एकही पटणारं कारण मला सापडलेलं नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून त्याच्या खर्चाला निम्मं अनुदानही मिळत आलं आहे. अडचण सुरू होते पीक निघाल्यावर. उन्हाने चिरलेला, मातीने माखलेला, मुळांत गुंतलेला पेपर सलग निघत नाही. मजूर लावून गोळा केला तरी भंगारवाला नाक मुरडतो, कारण वजनात माती जास्त. मग तो बांधावर जाळला जातो, नाहीतर रोटाव्हेटरखाली जातो आणि त्याच्या चिंध्या मातीतच राहतात.

आता दुसरं चित्र बघा. शहरातल्या दुकानदाराने १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी दिली तर त्याला दंड होतो. हा नियम ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर लागू आहे, आणि महाराष्ट्राची स्वतःची प्लास्टिकबंदी तर २०१८ सालची. म्हणजे जी पिशवी निदान हाताने उचलता येते तिच्यामागे पालिकेचं पथक, आणि जो पेपर उचलताच येत नाही त्याच्यामागे सरकारी अनुदान.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे जीवाणूंकडून बनवून घेतलेलं आणि मातीत खरोखर पचणारं पॉलिएस्टर. त्याच्याबद्दल बोलताना आपण फिरून फिरून पिशव्या, स्ट्रॉ, चमचे-वाट्या यांच्यावरच येतो. माझं म्हणणं असं की हा पदार्थ तिथे वाया घालवू नये. जे प्लास्टिक गोळा करता येतं ते गोळा करावं किंवा मुळात वापरूच नये. जे गोळा करता येणं शक्यच नाही तिथे हा महागडा पदार्थ लावावा, आणि तोही साखरेपासून न बनवता सांडपाण्यापासून बनवावा. असं का, ते कळायला जीवाणूच्या पेशीत शिरावं लागेल.

फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतले मोरिस लेमुआन्य १९२० च्या दशकात 'बॅसिलस मेगाटेरियम' या जीवाणूचा अभ्यास करत होते. या जीवाणूच्या पेशीत चमकदार दाणे दिसत. ते तेलाचे थेंब असावेत असा समज होता. लेमुआन्य यांनी दाखवलं की ते हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्लाचे रेणू एकाला एक जोडून झालेले लांबलचक धागे आहेत. रसायनशास्त्राच्या भाषेत पॉलिएस्टर. पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. त्याच्या साऱ्या कुळाला आज पीएचए म्हणतात. पुढे १९५८ मध्ये एडिंबरामध्ये मॅक्रे आणि विल्किन्सन यांनी या दाण्यांचा उपयोग उलगडला. खाद्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी असला की दाणे फुगतात, आणि बाहेरचं खाद्य संपलं की जीवाणू तेच दाणे खाऊन दिवस काढतो. आपल्याकडे सुगीचं धान्य पेवात भरून ठेवत, तसा हा पेशीतला पेव.

पण नायट्रोजन नसताना पेशी नेमकं काय करते, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. नायट्रोजनशिवाय प्रथिनं नाहीत, डीएनए नाही, म्हणजे पेशीला दुभंगून वाढता येत नाही. साखर मात्र आत येतच असते. ती तुटून ॲसिटिल-कोएन्झाइम-ए नावाचा दोन कार्बनचा तुकडा तयार होतो. एरवी हा तुकडा क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेत जातो. वाढ थांबली की ते चक्र मंदावतं, तुकडे साचत जातात आणि त्यांना वाहून नेणारा रेणू, म्हणजे मोकळं कोएन्झाइम-ए, कमी होतं. इथेच कळ फिरते. दोन तुकडे जोडणारं जे पहिलं विकर आहे, फा-ए, त्याला मोकळं कोएन्झाइम-ए एरवी रोखून धरत असतं. ते कमी झालं की फा-ए सुटतं आणि दोन-दोन तुकडे जोडू लागतं. मग फा-बी त्या जोडीवर हायड्रोजन चढवतं, आणि फा-सी अशा जोड्या एकामागून एक ओवत हजारो कड्यांची साखळी करतं. तीन विकरं, एवढाच कारखाना. 'क्युप्रिॲव्हिडस नेकेटर' या जीवाणूत (शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं इतक्या वेळा केलंय की जुने शोधनिबंध वाचताना चार-पाच जीवाणू असल्याचा भास होतो) कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत नुसतं पीएचबी भरतं.

साठवायचीच तर साखर साखर म्हणूनच का नाही साठवली? कारण विरघळलेल्या लहान रेणूंची गर्दी झाली की बाहेरचं पाणी आत घुसतं आणि पेशीवर ताण येतो. हजारो रेणूंचा एक न विरघळणारा गोळा केला की कार्बन तेवढाच राहतो आणि ताण जवळजवळ नाहीसा होतो. या गोळ्याभोवती प्रथिनांचं आवरण असतं आणि त्यावर बांधणारी व तोडणारी अशी दोन्ही विकरं शेजारी शेजारी बसलेली असतात. टंचाई संपली, नायट्रोजन आला, की तोडणारं विकर साखळीच्या कड्या सोडवतं, त्यांचं पुन्हा ॲसिटिल-कोएन्झाइम-ए होतं आणि पेशी वाढीला लागते.

उत्साही जाहिराती नेमक्या इथपर्यंतच येऊन थांबतात. जीवाणूच बनवतो, जीवाणूच खातो, मग कसली काळजी? पण पेशीतला गोळा मऊ, अस्फटिकी असतो. आपण तो बाहेर काढतो, धुतो, वितळवतो, साच्यात घालतो. तेवढ्यात साखळ्या नीट रचून बसतात आणि पदार्थ बराचसा स्फटिकी, कडक होतो. पेशीतल्या विकराला मग तो तोडता येत नाही. गंमत म्हणजे 'क्युप्रिॲव्हिडस'च्या ज्या जातीवर सर्वाधिक अभ्यास झाला तिला स्वतःच बनवलेलं पीएचबी बाहेर समोर ठेवलं तर खाता येत नाही, कारण पेशीबाहेर सोडायचं विकर तिच्यापाशी नाही. खाणारे वेगळे आहेत: मातीतले स्ट्रेप्टोमायसिस, काही बुरशा, आणि 'पॉसिमोनास लेमॉइग्नी' नावाचा एक जीवाणू. दाण्यांचा छडा लावणाऱ्या लेमुआन्य यांचंच नाव या खादाडाला दिलेलं आहे. ही मंडळी विकर बाहेर सोडतात, ते प्लास्टिकच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि वरून थर कुरतडत आत जातं.

थर कुरतडत जाणं म्हणजे जाडीचा हिशेब आला. पातळ फिल्म उबदार, ओल्या मातीत काही महिन्यांत संपू शकते. त्याच पदार्थाची बाटली समुद्रात पडली तर पूर्ण पचायला साधारण दीड ते साडेतीन वर्षं लागतील, असा अंदाज ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. पॉलिथिनच्या तुलनेत हे कितीतरी चांगलं आहे यात वाद नाही. पण दीड वर्षात समुद्री कासवाच्या पोटात जायला बाटलीला भरपूर सवड मिळते.

मक्याचं किंवा उसाचं प्लास्टिक म्हणून जे बाजारात येतं ते बहुतेकदा पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) असतं, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. त्यातलं लॅक्टिक आम्ल जीवाणू बनवतात, पण साखळी रासायनिक भट्टीत जोडली जाते. ती सुटायला ५८-६० अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. बांधावरच्या उकिरड्यात किंवा खाडीच्या पाण्यात पीएलए वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीला २०२४ मध्ये पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. अभियांत्रिकी म्हणून ते मोठंच काम आहे. पण असं तापमान राखणारी कंपोस्ट केंद्रं गावोगावी नसताना तो पदार्थ गावोगावी पोचला, तर त्याचा कचरा साध्या प्लास्टिकसारखाच वागणार.

आता पैशांकडे येऊ, कारण पीएचएची खरी शोकांतिका तिथे आहे. १९७० च्या दशकात तेल भडकलं तेव्हा ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने यात उडी घेतली. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीचा शांपू तिच्या 'बायोपोल'च्या बाटलीत विकायला आला. पुढे बायोपोल झेनेका, मग मॉन्सँटो, मग मेटाबोलिक्स असं हातोहात फिरत राहिलं. मेटाबोलिक्सने एडीएम या धान्यप्रक्रिया कंपनीशी भागीदारी करून अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वर्षाला ५० हजार टन क्षमतेचा कारखाना घातला, आणि २०१२ मध्ये एडीएमने अंग काढून घेतलं. मार्च २०२५ मध्ये डॅनिमर सायंटिफिक ही अमेरिकेतली नावाजलेली पीएचए कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. एकामागून एक कंपन्या हरल्या त्यात प्रत्येकीची आपापली कारणं असतील. पण स्ट्रॉ आणि वेष्टनांच्या बाजारात पॉलिथिनशी दराची कुस्ती खेळणं, ही चूक बहुतेकींनी केली.

या कुस्तीचं गणित आपल्या भाषेत मांडतो. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या एका साखर कारखान्याला जोडून पीएचबीचा छोटा प्रकल्प चालला. तिथला अनुभव असा की किलोभर पीएचबीला तीन किलोच्या आसपास साखर लागते. आपल्याकडे केंद्राने २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्री दर ३१ रुपये ठरवला. त्या किमान दरानेही नुसती साखरच ९३ रुपयांची झाली. पॉलिथिनचे तयार दाणे साधारण शंभर रुपये किलोच्या आसपास मिळतात. साखरेच्या त्या ९३ रुपयांत आंबवण, हवा भरणं, पेशी फोडून पीएचबी बाहेर काढणं, वाळवणं यांचा खर्च धरलेलाच नाही, आणि पेशीतून पदार्थ काढण्याची पायरी तर भलतीच महाग.

तरीही आपल्याकडे कुणीतरी म्हणणारच की उसापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जमलं, मग हे का नाही. इथेनॉल जमलं कारण ते कुणी घ्यायचं आणि काय दराने, हे सरकारने ठरवून दिलं. शिवाय डिसेंबर २०२३ विसरू नये. पाऊस कमी पडला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन घातलं. किलोभर साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी पिणाऱ्या पिकावर, तेही टँकर लागणाऱ्या तालुक्यांत, प्लास्टिकचा कारखाना उभा करायचा आणि पहिल्याच दुष्काळात त्याचा कच्चा माल बंद व्हायचा. भाजी घरी न्यायच्या पिशवीसाठी हा सगळा खटाटोप मला तरी समर्थनीय वाटत नाही. त्यासाठी कापडी पिशवी आहे.

मग जीवाणूला खायला काय घालायचं? त्याला साखरच हवी असं मुळीच नाही. ॲसिटिक, प्रोपिऑनिक यांसारखी आम्लं त्याला चालतात, आणि सेंद्रिय सांडपाणी हवेविना कुजू लागलं की पहिल्यांदा हीच आम्लं तयार होतात. बायोगॅसच्या टाकीतही मिथेन व्हायच्या आधी हाच टप्पा असतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाने यावर चांगलं काम केलं आहे. कुठलाही निवडक जीवाणू न आणता, सांडपाण्याच्या गाळातले जीवाणू घ्यायचे, त्यांना थोडा वेळ भरपूर खाऊ घालायचं आणि मग बराच वेळ उपाशी ठेवायचं. हे चक्र सतत चालवलं की जे साठवत नाहीत ते मागे पडतात आणि साठवणारे टिकतात. या रीतीने मिळालेला 'प्लास्टिसिक्युम्युलान्स' हा जीवाणू आठ तासांच्या आत वजनाच्या ९० टक्क्यांच्या जवळपास पीएचबी भरतो. ना सगळं निर्जंतुक करायचा खर्च, ना साखरेचा.

आपल्याकडे आसवन्यांचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरलेलं सांडपाणी) आहे, दूध संघांचं व्हे (चीज-पनीर काढल्यावर उरलेलं पाणी) आहे, पालिकांचं मैलापाणी आहे. आणि लोणार आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून 'हॅलोमोनास' गटातला जीवाणू वेगळा काढला आणि शेतीच्या टाकाऊ मालावर वाढवून त्याच्याकडून पीएचए बनवून घेतलं. खारट आणि अल्कधर्मी पाण्यात बाकीचे जंतू सहसा तग धरत नाहीत, त्यामुळे टाकी निर्जंतुक ठेवायचा खर्च वाचतो. चीनमध्ये त्सिंगह्वा विद्यापीठातल्या गटाने याच जातकुळीचा, शिनच्यांगमधल्या खाऱ्या सरोवरातला जीवाणू घेऊन हे तंत्र कारखान्याच्या आकाराला नेलं. आपल्या लोणारची बातमी होते ती पाणी गुलाबी झाल्यावर. जून २०२० मध्ये झाली होती तशी.

कायद्याचं काय? युरोपीय संघाने २०१९ मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर निर्देश काढला. त्यातून रासायनिक बदल न केलेले नैसर्गिक बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे पदार्थ) वगळले. पीएचएवाले म्हणाले, आमचा पदार्थ जीवाणूच बनवतात, आम्हालाही वगळा. २०२१ च्या मार्गदर्शिकेत युरोपीय आयोगाने नकार दिला: साखळी निसर्गात जोडली गेली पाहिजे, कारखान्यातल्या टाकीत नव्हे. उद्योगातल्या मंडळींना हा तांत्रिक खोडसाळपणा वाटला. मला आयोगाचं म्हणणं पटतं. सवलत मिळाली असती तर तोच स्ट्रॉ, तोच चमचा, तीच पाच मिनिटांची चैन नव्या नावाने चालू राहिली असती.

आपल्या नियमांत मार्च २०२४ च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट झाली. जैवविघटनशील म्हणवणाऱ्या प्लास्टिकने माती, गोडं पाणी, समुद्र अशा ठरावीक परिसरात, सूक्ष्मप्लास्टिक मागे न ठेवता विघटित झालं पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. ही अट गांभीर्याने घेतली तर बाजारातले अर्धे दावे आपोआप गळून पडतील. दावा तपासताना परिसर कुठला आणि मुदत किती हे विचारायलाच हवं, याचा धडा ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये दिला. जैवविघटनशील म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवूनही त्यात किराणा भरून नेता येत होता. ती पिशवी पीएचएची नव्हती. पण 'पर्यावरणपूरक' असं छापणं किती सोपं आहे ते तिने दाखवलं.

तर मग शेत. गोळा न होणाऱ्या प्लास्टिकचं सगळ्यात मोठं उघडं गोदाम तिथे आहे. मल्चिंग पेपर आहेच, शिवाय रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्या आहेत. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. प्रत्येक रोपामागे एक पिशवी धरली तरी त्या डोंगरउतारांवर काय काय मागे राहिलं असेल याचा अंदाज येतो. मातीत सोडायच्या या वस्तूंसाठी युरोपात २०१८ पासून वेगळं मानक आहे: दोन वर्षांच्या आत मातीत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे, आणि तेही साध्या, न तापवलेल्या मातीत. आपल्याला निदान तेवढं तरी लागेल.

अडचणी आहेत. शुद्ध पीएचबी ठिसूळ असतं, त्याची फुगवून पातळ फिल्म काढणं अवघड. म्हणून त्यात दुसरे घटक मिसळतात, आणि ते मिसळलेलं मातीत पचतं का हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसरी अडचण शेतकऱ्याला जास्त जवळची आहे. पीएचएत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन याखेरीज काही नाही. नायट्रोजनच्या टंचाईत साठवलेल्या या पदार्थात नायट्रोजन असणार कुठून? मातीतले जीवाणू तो खायला बसले की वाढीसाठी लागणारा नायट्रोजन ते मातीतून उचलणार. कच्चं शेणखत किंवा पाचट गाडल्यावर पुढचं पीक काही दिवस पिवळं पडतं, त्यामागेही हेच असतं. एका हंगामाच्या पातळ फिल्मने फार फरक पडणार नाही, पण दरवर्षी तीच जमीन आणि तीच फिल्म असेल तर युरियाचा हिशेब बदलू शकतो. हे प्रयोगशाळेत बसून सांगता येणार नाही. राहुरी, परभणी, अकोला, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर, काळ्या कसदार जमिनीपासून कोकणातल्या जांभ्यापर्यंत, ते मोजावं लागेल.

अनुदानाबाबत माझी सूचना सरळ आहे. पॉलिथिनच्या पेपरला मदत चालू ठेवायची असेल तर ती दोन हप्त्यांत द्यावी: अर्धी अंथरताना, अर्धी तो पेपर वजन करून परत आणून दिल्यावर. आणि जी फिल्म मातीतल्या चाचणीत खरी उतरेल तिला दरातल्या फरकाएवढी जास्त मदत द्यावी, कारण तिथे परत आणायचं काही उरतच नाही. म्हणजे पीएचए बनवणाऱ्याला ठरलेलं गिऱ्हाईक मिळेल, आणि त्याला पॉलिथिनच्या पिशवीशी दराची कुस्ती खेळावी लागणार नाही.

सुरुवात महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीपासून करता येईल. हा टापू २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. पीक भारी किमतीचं असल्यामुळे फिल्म महाग पडली तरी एकरी खर्चात तिचा वाटा फार वाढणार नाही. परीक्षाही कठीण होईल. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, फिल्म फाटता कामा नये. जूननंतर तिने पचायला लागावं, पण तेव्हा तिथली माती थंड असते आणि पाण्याने इतकी भरलेली असते की जीवाणूंना हवाही अपुरी पडते. त्या मातीत पुढच्या लागवडीपर्यंत किती फिल्म उरली, हे दोन-तीन हंगाम तोलून बघितलं तर बाकी महाराष्ट्रासाठी किती जाडी आणि किती मुदत धरायची ते ठरवता येईल.